नाव न घेता ओढलेली घंटा

सकाळचे सव्वासात. एका शेगडीवर मिसोचं सूप, दुसरीवर ह्यांच्या डब्यासाठी अंड्याची गुंडाळी, आणि खालच्या जाळीवर बांगडा. बांगडा उलटायची आणि अंडं गुंडाळायची वेळ नेमकी एकच येते. गेली चोवीस वर्षं येते आहे, आणि गेली चोवीस वर्षं मी दोहोंतलं एक जरासं करपवते. त्या दिवशी दोन्ही करपलं, कारण दारावर टकटक झाली.

जपानातल्या आमच्या या गल्लीत दार कोणी ठोठावत नाही. ओळखीचं माणूस दार सरकवून हाक मारतं, अनोळखी माणूस बेल वाजवतं. ठोठावणारी एकच, चौथ्या घरातली केतेवान. गल्लीत ती केते-सान, मी ओकु-सान; 'सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. तिला इथे येऊन चार वर्षं झाली. कचऱ्याचे नऊ प्रकार ती माझ्याहून नीट वेगळे करते, पण दुसऱ्याचं दार सरकवायला तिचा हात अजून धजत नाही.

वरच्या दोन्ही शेगड्या बंद करून मी दाराशी गेले.

"ओकु-सान, सकाळी सकाळी आले, माफ करा," ती म्हणाली. "स्वयंपाक चालला होता का?"

"चालला होता. आता करपला. ये आत."

ती आत आली नाही. उंबऱ्याशीच उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, हातात एक लांबट पाकीट. "हे माझ्या टपालपेटीत होतं. अक्षर इतकं सुंदर आहे की मला वाचताच येत नाही."

खरंच, अक्षर ब्रशने लिहिलेलं होतं, पाण्यावरून गवत वाकावं तसं. मी वाचून दाखवलं:

'सप्टेंबर उजाडला तरी उकाडा हटत नाही. आपण प्रकृतीला जपत असालच. आपलं काम ऐन भरात आहे हे ठाऊक असल्याने लिहिताना संकोच वाटतो. आमच्या घरी सासूबाई तेरा ऑगस्टपासून आहेत. त्यांचा त्रास असा काहीच नाही. फक्त रोज एक पान जास्त मांडावं लागतं आणि नातवंडं विचारतात. याबद्दल आपल्याला काही माहीत असल्यास कृपया विचार व्हावा. उत्तराची तसदी घेऊ नये.'

खाली सही नाही.

"केते-सान," मी म्हणाले, "आपल्या गल्लीत तेरा ऑगस्टला जी माणसं येतात, ती जिवंत नसतात."

मला वाटलं होतं ती हसेल किंवा घाबरेल. तिने पाकिटाची घडी घातली आणि हळूच विचारलं, "म्हणजे त्यांच्याकडेही?"

मी उत्तर देणार तोच आतून धुराचा भोंगा वाजायला लागला, आणि बांगड्याकडे धावताना त्या प्रश्नाचं काय करायचं ते माझ्याकडून राहून गेलं.

आपल्याकडे पितृपंधरवडा असतो, तसे इथे ऑगस्टमधले चार दिवस. तेराला घरची गेलेली माणसं येतात, सोळाला परत जातात. आमच्या गावात त्यांना बोलावायला घंटा आहे. टेकाडावरच्या देवळाच्या आवारात एक बंद लाकडी खोली आहे, तिच्या भिंतीला वाटीएवढं भोक, भोकातून एक दोर बाहेर आलेला. आतली घंटा कोणाला दिसत नाही. इतर देवळांत ओंडका ढकलून घंटा वाजवतात, इथे दोर स्वतःकडे ओढायचा. तिचा आवाज वर जात नाही, जमिनीत उतरतो. कानाला थोडा ऐकू येतो, तळपायांना जास्त. तेराच्या संध्याकाळी प्रत्येक घरचं माणूस जातं आणि ज्याला बोलवायचं त्याच्यासाठी एकेकदा दोर ओढतं. सोळाला किनाऱ्यावर कागदी दिवे पाण्यात सोडायचे, त्या वेळी घंटा नाही, बोलणंही नाही. मग वर्षभर त्या दोराला कोणी हात लावत नाही.

यंदाच्या तेराला केतेवानने तो दोर ओढला होता.

केतेवान जॉर्जियातल्या कुताइसी गावची. अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, काळ्या समुद्राशेजारचा देश. हे तिला इतक्यांदा सांगावं लागलं आहे की नाव सांगतानाच ती हाताने हवेत नकाशा काढते. वय छत्तीस. तिकडच्या संगीतशाळेत पियानो शिकली, मग पियानो सोडून यंत्रांच्या नादी लागली. सत्ताविसाव्या वर्षी फुकुओकाच्या भाषाशाळेत आली ती एका बॅगेत कपडे आणि दोन बॅगांत आवाजाची यंत्रं घेऊन. उपाहारगृहांत भांडी घासली, हॉटेलातल्या खोल्या आवरल्या. शाळा संपल्यावर भाषांतराची नोकरी धरली आणि शनिवारी ओसाकातल्या तळघरांतून वाजवायला लागली. तिथली रीत अशी की ठरलेली तिकिटं वाजवणाऱ्यानेच खपवायची, उरली तर स्वतः घ्यायची. पहिल्या कार्यक्रमाला अकरा श्रोते होते, त्यातले तिघे पुढची पाळी लागायची वाट बघणारे वाजवणारेच.

ती आमच्या गल्लीत राहायला आली तेव्हापासून तिची तिकिटं गल्ली घेते. जात कोणी नाही. पलीकडच्या कुनिमात्सु-सानच्या फ्रिजवर तिची सात तिकिटं चुंबकाने लावलेली आहेत, सातही न फाडलेली. एकदा मी आणि शेजारची फुजिनामी-सान गेलो होतो. दोन तास पोटात कोणीतरी कपाटं सरकवत होतं. बाहेर आल्यावर फुजिनामी-सान म्हणाली, "चांगलं होतं. माझी पचनाची तक्रार गेली."

तिचं संगीत म्हणजे गाणं नव्हे. ती आवाज गोळा करते. बंदरातलं बर्फ फोडण्याचं यंत्र, औषधाच्या दुकानाचं दार, वादळाआधी नावांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटतात तो आवाज. मग ते ताणते, कापते, एकावर एक रचते. "माझ्या नवऱ्याचं घोरणं घेऊन जा म्हणावं," फुजिनामी-सान म्हणते, "चाळीस वर्षं पडून आहे, कोणी उचलत नाही."

पण यंदा दिवस पालटले होते. टोकियोतल्या एका लहानशा कंपनीने तिची पहिली तबकडी काढायचं कबूल केलं होतं. तीनशे प्रती, काळ्या, मोठ्या, जुन्या पद्धतीच्या. सगळं काम येत्या सोमवारी टोकियोला पोचायला हवं होतं. भाषांतराची कंपनी वसंतात बंद पडल्यापासून तिच्या इथे राहण्याच्या परवान्याला दुसरा आधार उरला नव्हता. तो नोव्हेंबरात संपत होता, आणि नवा मिळायचा तर टोकियोच्या करारावरच. नऊ वर्षं तिने या एका कागदासाठी काढली असं म्हटलं तरी चालेल.

आणि त्या तबकडीचं काळीज होती आमची घंटा.

तिने चोरून काही केलं नव्हतं. भटजींच्या बायकोची रीतसर परवानगी घेतली, फळांची टोपली नेली. भटजींच्या बायकोला आनंदच झाला. गल्लीलाही झाला. आमची घंटा टोकियोला! संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर केतेवानने भोकाशी आपले ध्वनिग्राहक लावले, दोर एकदाच ओढला, आवाज पार विरेपर्यंत मान खाली घालून उभी राहिली, मग वाकून नमस्कार केला. आम्ही चार बायका बघत होतो. तिने सगळं नीट केलं म्हणून आम्ही एकमेकींकडे बघून समाधानाने माना हलवल्या.

दोनच गोष्टी तिला कोणी सांगितल्या नाहीत. दोर ओढताना मनात नाव घ्यायचं असतं, ही एक. आणि तेरा तारखेनंतर तो आवाज पुन्हा होऊ द्यायचा नसतो, ही दुसरी. कोणी मुद्दाम लपवलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला मधूनमधून श्वास घेत जा, असं आपण सांगतो का?

यंदा गटप्रमुखाची पाळी आमच्या घराची. दर एप्रिलला ती पुढच्या घरी सरकते. दिवे गेले, नाली तुंबली, कोणाचं मांजर कोणाच्या बागेत गेलं, की लोक माझ्याकडे येतात. मेलेली सासू परत जात नाही ही तक्रार कोणत्या रकान्यात बसते ते मला माहीत नव्हतं, पण जायला हवं होतं.

ह्यांनी करपलेला बांगडा मुकाट्याने खाल्ला. निघताना बूट घालता घालता विचारलं, "आपल्याकडे नाही ना कोणी आलेलं?"

"तुमच्या आईंना सांगलीहून कोल्हापूरला जायचं तरी दोन दिवस आधीपासून तयारी लागायची," मी म्हणाले. "इथवर कशा येतील?"

हे हसले. पण जाताना त्यांनी एकदा माजघरात डोकावून पाहिलं, ते मी पाहिलं.

गल्लीत तसं अक्षर एकीचंच. मी फुजिनामी-सानचं दार सरकवलं.

"पत्र तुमचं ना?"

"कुठलं पत्र?" असं म्हणत तिने लगेच चहाला आधण ठेवलं, म्हणजे तिचंच.

"सांगा तरी."

"काय सांगायचं ओकु-सान! बत्तीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली काढली. सात वर्षांपूर्वी रीतसर निरोप दिला, चांगली फुलंबिलं लावून. दर ऑगस्टला येतात, त्याला माझी ना नाही. चार दिवस कोणीही निभावून नेतं. आता महिना होत आला!"

"काही बोलतात का?"

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. नुसत्या माझ्या मागे उभ्या असतात. मी मुळा किसते ते बघतात."

"आत्ता आहेत?"

तिने हनुवटीने शेगडीकडे खूण केली. मी पाहिलं. भिंतीवर अडकवलेला टॉवेल, उलथनं, दिनदर्शिका. दुसरं काही नाही. किटलीतून वाफ निघत होती. ती सरळ वर जात जात एका जागी थांबली, कशाला तरी वळसा घालावा तशी दोन बाजूंनी वाकली, आणि पुढे जाऊन पुन्हा एक झाली.

"चहाची पत्ती जास्त पडते का ते बघतायत," फुजिनामी-सान कुजबुजली. मग तिचा आवाज बदलला. "पहिले आठ दिवस मला राग येत होता. आता नाही येत. ओकु-सान, त्या बसत नाहीत हो. सोळापासून एकदाही बसलेल्या नाहीत. गाडी चुकलेलं माणूस फलाटावर उभं राहतं ना, पिशवी खाली न ठेवता, तशा उभ्या आहेत."

"मग केते-सानला सरळ का नाही सांगितलंत?"

"सोमवारी तिचं काम जायचंय. पोरीच्या पोटावर पाय कसा द्यायचा? म्हणून तर नाव घातलं नाही." तिने माझ्यापुढे पेला ठेवला, आणि एक पेला शेगडीशेजारी, रिकाम्या जागेपुढे. "कडक झालाय, माहितेय," ती त्या जागेला म्हणाली.

बाहेर पडले तर कुनिमात्सु-सान आपल्या फाटकाशी उभे होते. एकोणऐंशी वर्षांचे. बेटाकडे जाणाऱ्या बोटीच्या इंजिनावर आयुष्य काढलं, त्यामुळे बोलतात ते ओरडून. त्या दिवशी मात्र हळू बोलले.

"गटप्रमुख म्हणून फिरताय ना ओकु-सान? मग माझंही लिहून घ्या. माझी काही तक्रार नाही."

त्यांची बायको सुमिए-सान मार्चमध्ये गेली. म्हणजे यंदाचा तिचा पहिलाच ऑगस्ट. त्यांनी मला आत बोलावलं, स्वतः उशी मांडली. पडवीत आणखी एक उशी होती, समुद्राच्या बाजूला. तिच्यात मधोमध खोलगट झालं होतं.

"बसते तिथे," ते म्हणाले. "सहा महिन्यांत पहिल्यांदा घरात बोलण्याचा आवाज आहे. तिचा नाही, माझाच. पण कोणी ऐकणारं असल्याशिवाय माणूस बोलतं का?"

मी दाराशी काढलेल्या माझ्या चपला घालायला वाकले तेव्हा मला सुमिए-सानची सपात दिसली. निळ्या पट्ट्यांची. एकच. टोक बाहेरच्या बाजूला.

पाहुणा निघायचा असला की आपण त्याच्या चपला बाहेर तोंड करून ठेवतो. म्हणून मला ते चटकन दिसलं.

"मी रोज झोपताना आत तोंड करून ठेवतो," कुनिमात्सु-सान माझ्या मागून म्हणाले. "सकाळी बाहेर तोंड केलेल्या असतात."

"मग?"

"मग मी पुन्हा वळवतो."

"आणि दुसरी कुठे आहे?"

"आज सकाळी दाराबाहेर सापडली. मी कपाटात ठेवली. कुलूप लावून." इंजिनाच्या खोलीत चाळीस वर्षं काढलेला तो माणूस बोटांनी कमरेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "तुम्ही त्या पोरीला बंद कर म्हणून सांगणार. सांगा. मला ऐकू येईल असं सांगू नका, एवढंच."

मी देवळात गेले. भटजींची बायको अंगण झाडत होती. मी सगळं सांगितल्यावर तिने झाडू भिंतीला टेकवला.

"एकदाच ओढली ना तिने? मी पाहिलं, एकदाच ओढली."

"ओढली एकदाच. पण तो आवाज तिच्याकडे साठवलेला आहे. महिनाभर रोज आठ-आठ तास ती तोच पुन्हा पुन्हा लावते आहे."

"पण आम्हांला कसा कोणाला ऐकू आला नाही?"

हे मी केतेवानला मागेच विचारलं होतं, माझ्या पायांखालची फरशी थरथरते म्हणून. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती सगळं काम हेडफोन कानाला लावून करते. पण खालचे जाड सूर नुसत्या कानाने कळत नाहीत म्हणून त्यांच्यापुरती एक मोठा लाकडी स्पीकर तिने जमिनीवर ठेवला आहे, अगदी बारीक आवाजात. जुनं घर. जमिनीखाली खांब, खांबांखाली दगड, दगडांखाली माती.

"नाव कोणाचं घेतलं होतं?" भटजींच्या बायकोने विचारलं.

"घ्यायचं असतं हे तिला सांगितलं कोणी?"

ती खालीच बसली, झाडलेल्या पानांशेजारी. "नाव नाही म्हणजे सगळ्यांनाच. वाटेल त्याला, वाटेल तिथून."

"परत पाठवायला काय करायचं?"

"काहीच नाही. पाठवायला आवाज नसतो. बोलावणं थांबलं की वाट मोकळी होते, मग जातात." तिने मान वर केली. "ओकु-सान, ती तबकडी किती घरांत जाणार आहे?"

केतेवानचं दार मी सरकवलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ती खोलीच्या मध्यभागी तातामीच्या गवती चटईवर बसली होती, भोवती वायरींचं जाळं. यंत्रांचे दिवे बंद होते. बुटक्या टेबलावर पाव, चीज, आणि वाइनचे दोन पेले. एक अर्धा, एक काठोकाठ.

मी तिला सगळं सांगितलं. सासूबाई, सपाता, नाव, तबकडी. मी 'तीनशे घरं' म्हणाले तेव्हा तिने डोळे मिटले.

"टोकियोच्या लोकांनी काय कळवलंय ठाऊक आहे?" ती शेवटी म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे, पण ती अकरा मिनिटं म्हणजेच तबकडी. ती नसतील तर छापायचं कशाला." तिने एका यंत्रावर हात ठेवला. "मी एका टोल्याची अकरा मिनिटं केली ओकु-सान. ताणून ताणून. इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलेलं नाही. पुन्हा करेन असंही वाटत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं. पण ती ज्या तऱ्हेने त्या यंत्राला हात लावत होती त्यावरून कळत होतं.

"नोव्हेंबरात परवाना संपेल. मग कुताइसी. तिथे माझं आता कोणी नाही." जमिनीकडे बघत ती पुन्हा म्हणाली, "तिथे नाही."

तेव्हा मला सकाळचा तिचा प्रश्न आठवला.

"केते-सान, हा दुसरा पेला कोणाचा?"

"आईचा." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी गेली. सीमा बंद होत्या, मला जाता आलं नाही. मातीला फोनवरून हजर होते. भावाने, तोही आता गाव सोडून गेलाय, फोन धरला होता, त्याचा हात इतका थरथरत होता की मला आभाळच जास्त दिसलं." तिने पाव मोडून एक तुकडा काठोकाठ भरलेल्या पेल्याशेजारी ठेवला. "वीस ऑगस्टला आली. आधी मी उंदीर समजले. मग टाचांचा आवाज ओळखीचा वाटला."

"तातामीवर टाचांचा आवाज कसा येईल?"

"येतो. बूट काढत नाही ना ती! दहा वेळा सांगितलं, आई, इथे घरात बूट घालत नाहीत. ऐकेल तर शपथ. आमच्याकडे घालतात." आणि ती हसली, रडू आल्यासारखं. "घरमालक मला फाडून खातील. बघा."

मी वाकून पाहिलं. तातामीच्या विणीत लहान लहान गोल खळगे पडलेले होते, दोन-दोनच्या जोडीने, खिडकीपासून टेबलापर्यंत, टेबलापासून यंत्रांपर्यंत, यंत्रांपासून केतेवानच्या बसायच्या जागेमागे. तिथे ते दाट होते. कोणीतरी तिच्या खांद्यावरून वाकून पुष्कळ वेळ उभं राहत असावं.

मी बघत असतानाच माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर वीण दबली. रुपयाएवढा खळगा. मग शेजारी दुसरा. मग जरा पुढे, दाराच्या दिशेने, आणखी दोन. दारापर्यंत जाऊन ते थांबले. थोड्या वेळाने परत येऊ लागले.

"दिवसभर हेच," केतेवान म्हणाली. "खिडकीशी जाते, दाराशी जाते, परत फिरते. पहिले काही दिवस मला वाटलं, माझ्यासाठी थांबली आहे. मीही ती घंटा लावतच राहिले. आवाज थांबवला की तिचे पाय खिडकीकडे वळायचे, हे मला दिसत होतं. तरी लावत राहिले. काम आहे, सोमवार आहे, असं स्वतःला सांगत. कुनिमात्सु-सानपेक्षा मी वेगळं काय केलं?"

मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता. खोलीत उकाड्याने माझ्या पाठीला घाम फुटला होता.

"मी ते पुसणार आहे," ती म्हणाली. "सगळ्या प्रती. टोकियोला पत्र लिहून ठेवलंय, तुम्ही तेवढी भाषा तपासून द्या. दुसरं काहीतरी करून देईन म्हणून लिहिलंय. घेतील, नाही घेणार." तिने खांदे उडवले. "आज पाच वाजता पुसते. उजेड असताना. अंधारात तिला पाठवायचं नाही मला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. आमच्यामध्ये तातामीवर दोन खळगे उमटले आणि तसेच राहिले. ते मिटतील म्हणून मी बघत होते. मिटले नाहीत. कोणीतरी उभं होतं, आमचं बोलणं ऐकत.

"केते-सान, मी काही करू का?" मी विचारलं.

ती त्या दोन खळग्यांकडे बघत होती. "इथली सगळी माणसं समुद्राकडे जातात ना? कुताइसीला समुद्र नाही, नदी आहे. आई जन्मात गावाबाहेर पडली नाही. घंटा थांबली की बाकीचे निघतील, त्यांना रस्ता पायाखालचा. ही दारातच उभी राहील." ती नीट बसली, गुडघे जुळवून, कोणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर बसतात तशी.

"ओकु-सान, कुनिमात्सु-सानना विचाराल का, की जाताना सुमिए-सान माझ्या आईला किनाऱ्यापर्यंत सोबत नेतील का? तिला इथला रस्ता माहीत नाही."